हा स्वल्पविराम कोणाचा? संदर्भसूचीसाठी एडिटर बनवताना

'संदर्भसूची' हा शब्द ऐकून लगेच पुढचा भाग लावू नका. तुमच्यापैकी कोणी एमएचा लघुप्रबंध लिहितंय, कोणाचा इंजिनिअरिंगचा प्रोजेक्ट रिपोर्ट चाललाय, कोणाच्या घरी वहिनी नाहीतर मामा पीएचडी करतायत. सगळ्यांची गाडी शेवटच्या दहा-पंधरा पानांपाशी येऊन अडते. कोणती पुस्तकं वाचली त्याची यादी. दिसायला साधी असते, पण त्या यादीपायी लोकांच्या मुदती हुकतात.

मी दुसरबीडचा. बुलढाणा जिल्हा, सिंदखेडराजा तालुका. बीटेक केलं, आता पुण्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि महिन्यातले काही दिवस गावी बसून काम करतो. गेलं दीड वर्ष, शनिवार-रविवार, मी आणि माझा एक मित्र मिळून एक छोटा एडिटर बनवतोय. संदर्भ कसे दिसावेत याचे नियम ठरवायचा एडिटर. मराठीतून आणि मोबाइलवर चालणारा. त्यात काय काय निघालं ते आज सांगतो.

सुरुवात माझ्या चुलत बहिणीमुळं झाली. ताई आमच्या भागाच्या इतिहासावर पीएचडी करते. सिंदखेडराजा, लखुजी जाधवांचं घराणं, आसपासची गावं, जुनी कागदपत्रं, म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती. सकाळी ती कॉलेजात शिकवते, संध्याकाळी पोरांचा अभ्यास घेते आणि रात्री प्रबंध लिहिते. तिच्या सूचीत तीनशेच्या वर नोंदी आहेत. तिनं त्या सगळ्या 'नाव, मग आडनाव' अशा टाइप केल्या. मार्गदर्शक सर म्हणाले, आडनाव आधी पाहिजे. तिनं रात्री जागून सगळ्या उलट्या केल्या. मग विभागातून एक झेरॉक्स पान मिळालं, त्यावर पाच नमुने. नमुना पहिला : लेखकानंतर विसर्ग-चिन्ह, म्हणजे कोलन. नमुना चौथा : लेखकानंतर स्वल्पविराम. आता खरं कोणतं? ते पान कोणी केलं हेही कोणाला सांगता येत नव्हतं. आणि प्रबंध सादर करायची मुदत चार महिन्यांवर आलेली.

मी म्हटलं, ताई, हे हातानं कशाला करतेस? यासाठी झोटेरो आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. झोटेरो हे फुकट सॉफ्टवेअर आहे, २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातून आलं. त्यात पुस्तकाची माहिती एकदाच भरायची : लेखक, नाव, प्रकाशक, गाव, वर्ष. ती छापताना कशी दिसावी हे वेगळ्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. त्या फाइलला 'स्टाइल' म्हणतात. स्टाइल बदलली की तीनशे नोंदी एका क्लिकमध्ये बदलतात. या स्टाइल ज्या भाषेत लिहितात तिचं नाव सायटेशन स्टाइल लँग्वेज, थोडक्यात सीएसएल. ब्रूस डार्कस नावाच्या भूगोलाच्या प्राध्यापकानं ती सुरू केली. हे मला फार आवडतं. डोकेदुखी ज्याची होती त्यानंच औषध काढलं. आज सीएसएलच्या सार्वजनिक संग्रहात दहा हजारांच्या वर स्टाइल आहेत. त्यातल्या बऱ्याचशा 'मी अमुकसारखीच' एवढंच सांगणाऱ्या छोट्या फाइली असतात, कारण एकाच प्रकाशकाची शंभर नियतकालिकं एकच पद्धत वापरतात.

तर दहा हजार स्टाइल आहेत. पण ताईच्या झेरॉक्सवरची त्यात नाही.

मग ती लिहायची. आणि इथं खरा खड्डा आहे. सीएसएलची फाइल एक्सएमएलमध्ये असते. म्हणजे टोकदार कंसांची रांग, एका डब्यात दुसरा डबा, त्यात तिसरा. मी ते वाचतो कारण मला त्याचाच पगार मिळतो. इतिहासाच्या प्राध्यापिकेनं ते शिकावं अशी अपेक्षा करणं मला पटत नाही. तिला मोडी वाचता येते, माझ्यापेक्षा अवघड लिपी तिला येते. प्रश्न अकलेचा नाहीच.

हा विचार आधी कोणी केलाच नव्हता असं नाही. कोलंबिया विद्यापीठाची ग्रंथालयं आणि मेंडली या कंपनीनं मिळून, स्लोन फाउंडेशनच्या पैशावर, सीएसएलसाठी एक दृश्य एडिटर बनवला. २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला आणि त्याचा कोड खुला आहे. त्यातली एक कल्पना मला अजूनही भारी वाटते. 'उदाहरणावरून शोधा'. स्क्रीनवर एक नमुना नोंद दिसते, ती तुम्ही तुमच्या नियतकालिकाला हवी तशी दुरुस्त करायची, आणि तो सांगतो की तुमच्या नोंदीशी सर्वांत जुळणाऱ्या स्टाइल या या आहेत. माणसाला नियम पाठ नसतात, पण बरोबर नोंद कशी दिसते हे माहीत असतं, हे त्या लोकांनी ओळखलं होतं.

मग मी ताईला तो उघडून दिला. वर नमुना नोंदी, डाव्या बाजूला झाडासारखी फांद्यांची यादी, मधे चौकटी. नोंदीतल्या शब्दावर क्लिक केलं की झाडातली त्याची फांदी उजळते. तिनं दहा मिनिटं प्रयत्न केला आणि म्हणाली, "मले फक्त हा कॉमा बदलाचा हाय. हे एवढं झाड काऊन दाखवून राह्यलं?"

मंडळी, या एका वाक्यावर आमचा सगळा एडिटर उभा आहे. म्हणून इथं जरा थांबतो.

समजा नोंद अशी आहे : काळे, या. मा., वऱ्हाडचा इतिहास, मग प्रकाशक, गाव, वर्ष. यात पाच-सहा स्वल्पविराम आहेत. वाचणाऱ्याला ते सगळे सारखे. पण सीएसएलच्या लेखी प्रत्येकाचा बाप वेगळा. 'काळे' नंतरचा स्वल्पविराम नावाच्या मांडणीतून येतो, आडनाव आणि नाव यांच्या मधला. 'या. मा.' नंतरचा लेखकाच्या शेपटीला बांधलेला असू शकतो. याला सफिक्स म्हणतात. किंवा तो पुस्तकाच्या नावाच्या डोक्यावर बसवलेला असू शकतो, म्हणजे प्रीफिक्स. किंवा तो दोघांचाही नसतो. लेखक, नाव, प्रकाशक हे सगळे एका गटात ठेवलेले असतात आणि गटाला सांगितलेलं असतं की दोघांच्या मधे स्वल्पविराम टाकत जा. म्हणजे डिलिमिटर. तिन्ही प्रकारांत स्क्रीनवर दिसतं एकच.

मग फरक कधी कळतो? काहीतरी गायब असेल तेव्हा. समजा पुस्तकावर प्रकाशकाचं नावच नाही. जुन्या पुस्तकांत, गावातल्या जत्रेच्या स्मरणिकांत हे नेहमीचं. स्वल्पविराम गटाचा असेल तर प्रकाशक नसला की त्याचा स्वल्पविरामही आपोआप जातो. तो शेपटीला किंवा डोक्याला चुकीच्या ठिकाणी बांधलेला असेल, तर नोंदीत ', ,' असे दोन स्वल्पविराम शेजारीशेजारी उभे राहतात, किंवा लेखक नसताना नोंद स्वल्पविरामानंच सुरू होते. तीनशे नोंदींत असले वीस प्रकार, आणि ते तपासणाऱ्या सरांना पहिल्या पानावर दिसतात.

म्हणून आमच्या एडिटरमध्ये झाड नाही. नोंदीतल्या स्वल्पविरामावर बोट ठेवलं की खाली एक साधा प्रश्न येतो : 'हे चिन्ह कधी हवं?' आणि दोन नमुने. एका नमुन्यात प्रकाशक आहे, दुसऱ्यात नाही. जो बरोबर दिसतो त्यावर बोट ठेवायचं. झालं. मागं गट बनला, डिलिमिटर बसला, यातलं काही तिला कळायची गरज नाही. चिन्ह बदलायचं असेल तर खाली सहा बटणं : स्वल्पविराम, पूर्णविराम, कोलन, अर्धविराम, कंस, काहीच नको.

यातून दुसरी गोष्ट आली, ती मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. बहुतेक एडिटर तुम्हाला नमुना म्हणून एक छान, गोड, परिपूर्ण पुस्तक दाखवतात. एक लेखक, एक प्रकाशक, एक वर्ष. त्यावर कोणतीही स्टाइल सुंदर दिसते, जशी लग्नाच्या फोटोत सगळी माणसं चांगली दिसतात. आम्ही उलटं केलं. आमच्याकडं बारा नमुना नोंदी आहेत आणि त्यातल्या नऊ भांडखोर आहेत. लेखक नाही. वर्ष नाही. चार संपादक. अनुवाद. टोपणनाव. दिवाळी अंकातला लेख. वर्तमानपत्राची बातमी. गावातल्या आजोबांची मुलाखत. शासनाचं गॅझेटिअर. तुम्ही एक नियम बदललात की या बाराही नोंदी लगेच बदलतात आणि ज्या बदलल्या त्या पिवळ्या होतात. तुम्हाला कोपऱ्यात दिसतं की इकडचा कोलन बदलला तर तिकडं मुलाखतीची वाट लागली.

आता नावांकडं येतो. इथं मराठी माणसाचं दुखणं सुरू होतं.

इंग्रजी पद्धतीत नावाची आद्याक्षरं करणं सोपं. पहिलं अक्षर घ्या, टिंब द्या. सीएसएलमध्ये यासाठी तयार सोय आहे. ती मराठी नावावर लावून बघा. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे. यंत्रानं काय करावं? 'पु. ल.' पण पहिलं चिन्ह उचललं तर येतं 'प. ल.' कारण संगणकाच्या लेखी 'पु' हे एक अक्षर नाहीच. तिथं प वेगळा आणि उकार वेगळा साठवलेला असतो. पहिलं चिन्ह म्हटलं की फक्त प. यादव माधव काळे यांचं होतं 'य. म. काळे'. ग्रंथालयात जाऊन 'य. म. काळे यांचं वऱ्हाडचा इतिहास द्या' म्हणालात तर ग्रंथपाल तुमच्याकडं बघतच राहील.

जोडाक्षरांची तर पार दैना. त्र्यंबक शंकर शेजवलकर. आपण म्हणतो 'त्र्यं. शं. शेजवलकर'. 'त्र्यं' मध्ये संगणकाला सहा चिन्हं दिसतात : त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार. त्यातलं पहिलं उचललं की 'त. श.' असा कोणीतरी परकाच माणूस तयार होतो.

यावर उपाय आहे. 'माणसाला एक वाटणारं अक्षर' म्हणजे काय, याचे नियम युनिकोडनं ठरवलेले आहेत. पण त्यात देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम कधी आला? सप्टेंबर २०२३ मध्ये, युनिकोड १५.१ मध्ये. त्याआधी त्या सर्वसाधारण नियमानुसार 'त्र्यं' चे तुकडे पडायचे. मोबाइल जुना असेल तर अजूनही पडतात. म्हणून आम्ही मोबाइलच्या भरवशावर न राहता हा नियम स्वतः लिहिला, वीसेक ओळींचा आहे. व्यंजन, त्याला हलन्तानं जोडलेली व्यंजनं, मग काना-मात्रा, मग अनुस्वार. एवढं मिळून एक अक्षर. चिंतामण विनायक झाले 'चिं. वि.', गोपाळ नीलकंठ झाले 'गो. नी.' ताईनं ते बघितलं आणि पहिल्यांदा म्हणाली, "आता कसं माणसावानी दिसून राह्यलं."

पण सगळ्यांना आडनाव असतंच असं यंत्रानं का धरावं? दोन रकाने समोर ठेवले की माणूस दोन्ही भरतो. तुकडोजी महाराज. पहिल्या रकान्यात तुकडोजी, दुसऱ्यात महाराज. यंत्र इमानदारीत छापतं : 'महाराज, तुकडोजी'. मग गाडगे महाराज असतील तर तेही 'महाराज, गाडगे', आणि यादीत म खाली सगळी संतमंडळी एकत्र, जणू महाराज हे एकच खानदान. शासनाचंही तेच. ताईच्या यादीत गॅझेटिअर होतं, लेखक महाराष्ट्र शासन. छापून आलं 'शासन, महाराष्ट्र'. आम्ही दोघं हसून हसून बेजार. पण हाच कागद तपासणाऱ्यासमोर गेला असता तर तो हसला नसता.

झोटेरोत याला उत्तर आहे. नाव एकाच रकान्यात भरायची सोय आहे, मग ते उलटं होत नाही. पण ते एक बारीक बटण आहे, आणि ते आहे हे माहीत असल्याशिवाय कोणी दाबत नाही. आमच्याकडं नावाच्या शेवटी महाराज, शासन, मंडळ, समिती, विद्यापीठ असे शब्द आले की एडिटर आधीच विचारतो : 'हे पूर्ण नाव एकत्रच ठेवायचं ना?' टोपणनावांचं मात्र यंत्राला ओळखता येत नाही. कुसुमाग्रज क मध्ये जावेत की शिरवाडकर म्हणून श मध्ये, हा निर्णय अभ्यासकाचाच. तिथं आम्ही हात लावत नाही.

क्रमाचंही सांगतो. आपण यादी अकारविल्हे लावतो. वर्णमालेत ळ कुठं येतो? ह च्या नंतर. युनिकोडच्या तक्त्यात ळ कुठं बसलाय? ल च्या शेजारी, व च्या आधी. तर काळे, कावळे, काशीकर अशी तीन आडनावं नुसत्या तक्त्याच्या क्रमानं लावली तर काळे पहिले येतात. वर्णमालेनं लावली तर कावळे, काशीकर आणि मग काळे. तुम्ही म्हणाल एवढ्यानं काय बिघडतं. तीनशे नोंदींच्या यादीत वाचणारा काळे शोधताना जिथं बघतो तिथं काळे नसतात, एवढं बिघडतं.

आणि 'वऱ्हाड' हा आमचा शब्द! त्यातला तो अर्धा र, म्हणजे ऱ्हा मधला, दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. दिसायला दोन्ही हुबेहूब, पण आत चिन्हं निराळी. एका कीबोर्डवरून टाइप केलेला वऱ्हाड आणि दुसऱ्यावरून केलेला वऱ्हाड यंत्राला दोन वेगळे शब्द वाटतात. ताईच्या यादीत एकच पुस्तक दोनदा यायचं, याचं कारण हे निघालं. नोंद आत घेतानाच आता आम्ही ते एकसारखं करतो.

आकड्यांचं काम वाटलं त्याहून बारीक आहे. सूचीत वर्ष देवनागरीत हवं, १९६१ असं. पण आतमध्ये तारखेचं गणित इंग्रजी आकड्यांवर चालतं. म्हणून आतला आकडा इंग्रजीच ठेवायचा आणि बाहेर पडताना शेवटच्या क्षणी बदलायचा. मात्र सरसकट बदलायचा नाही. नोंदीत वेबसाइटचा पत्ता असेल आणि त्यातले आकडे देवनागरी झाले तर तो पत्ता उघडतच नाही. इंग्रजी पुस्तकाच्या नोंदीतही देवनागरी वर्ष विचित्र दिसतं. म्हणून आकडे बदलायचे ते फक्त मराठी नोंदीत, फक्त वर्ष, पृष्ठ, खंड, आवृत्ती या जागी. पुस्तकाच्या नावातला आकडा लेखकानं जसा लिहिला तसाच राहू द्यायचा.

जुन्या पुस्तकांवर तर सन नसतो, शके असतो. शके १८१५ आणि सन १८९० समोरासमोर आले की यंत्राला वाटतं १८१५ जुनं. प्रत्यक्षात शके १८१५ म्हणजे सन १८९३, ७८ मिळवायचे. आम्ही शके वेगळा रकाना ठेवला. छापताना पुस्तकावर आहे तसा शके दिसतो, क्रम लावताना सन वापरला जातो.

सगळंच अवघड आहे असं नाही. तळटीपांतलं 'तत्रैव' मला वाटलं होतं फार त्रास देईल, पण सीएसएलला ही कल्पना आधीपासून माहीत आहे. लगेच आधीच्या टीपेत तोच ग्रंथ असेल तर काय लिहायचं, पान वेगळं असेल तर काय, मधे दुसरा ग्रंथ येऊन गेला असेल तर काय, हे वेगवेगळं सांगता येतं. इंग्रजी शब्दाच्या जागी 'तत्रैव' बसवला, 'तत्रैव, पृ. ४५' बरोबर यायला लागलं. 'संपा.', 'अनु.', 'पृ.', 'आणि इतर' हे शब्दही स्टाइलच्या फाइलमध्येच आपले आपण देता येतात. ज्यांनी सीएसएल घडवली त्यांना मराठी येत नसेल, पण दुसऱ्याच्या भाषेसाठी त्यांनी दार उघडं ठेवलंय.

एक दार मात्र अर्धंच उघडं आहे. मराठी प्रबंधात इंग्रजी ग्रंथही असतात. मराठी नोंदीत 'संपा.' हवं आणि इंग्रजी नोंदीत इंग्रजी खूण हवी. नेहमीच्या सीएसएलमध्ये पूर्ण सूचीला एकच भाषा. जपानमध्ये नागोया विद्यापीठात कायदा शिकवणारे फ्रँक बेनेट यांना हाच त्रास होता, जपानी आणि इंग्रजी संदर्भ एकाच लेखात. त्यांनी सीएसएलला जोड देऊन नोंदीच्या भाषेप्रमाणे मांडणी बदलायची सोय केली, आणि त्यासाठी झोटेरोची स्वतःची वेगळी आवृत्तीही काढली. आम्ही त्यांच्याच वाटेनं चाललोय. नागोयातल्या प्राध्यापकाचं आणि दुसरबीडच्या ताईचं दुखणं एक निघावं, याची मला गंमत वाटते.

आता तुमच्यातला कोणीतरी मनात म्हणत असेल, एवढा उद्योग कशाला? एआयला यादी चिकटव आणि म्हण 'आडनाव आधी कर'. आम्हीही करून बघितलं. पन्नास नोंदी दिल्या, दिसायला सुरेख आल्या. नीट तपासल्यावर दोन पुस्तकांची वर्षं बदललेली आणि एका पुस्तकाला नवाच प्रकाशक चिकटवलेला. प्रबंधात असं एक वर्ष चुकलं तर उद्या त्यावरून दुसरा अभ्यासक चुकतो. स्टाइलची फाइल मठ्ठ असते, आणि तेच तिचं मोठेपण. आज जे देईल तेच पुढच्या वर्षी देईल, स्वतःच्या मनाचं काही घालणार नाही. एआयचा उपयोग आम्ही एकाच ठिकाणी करतो. झेरॉक्सवरचा नमुना वाचून 'यातलं लेखकाचं नाव कोणतं, गाव कोणतं' याचा अंदाज घ्यायला. तो अंदाज बरोबर की चूक हे माणूस सांगतो.

मोबाइलचं काय ते थोडक्यात. ताईकडं लॅपटॉप आहे, पण तो पोरांच्या ताब्यात. शिवाय आमच्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही. त्यामुळं हे सगळं सहा इंची स्क्रीनवर, अंगठ्यानं, नेटशिवाय चाललं पाहिजे अशी अट घातली. वरच्या अर्ध्यात नोंदी, खालच्या अर्ध्यात एकावेळी एकच प्रश्न. शेवटी हातात येते ती साधी सीएसएल फाइल, काही केबींची, व्हॉट्सअपवरून पाठवता येते. ती झोटेरोत टाका, आमच्या एडिटरला विसरून गेलात तरी चालेल. लोकांना आमच्या दारात अडकवून ठेवायचं नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं.

हे करताना मला सारखी शं. ग. दाते यांची आठवण व्हायची. ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्यांना 'दाते सूची' माहीत असेल. १८०० पासून १९३७ पर्यंतच्या छापील मराठी पुस्तकांची सूची या माणसानं ठिकठिकाणची ग्रंथालयं धुंडाळून केली, आणि पुढच्या भागात ती १९५० पर्यंत आणली. ना संगणक, ना सॉर्ट बटण. प्रत्येक नोंदीत लेखक कसा लिहायचा, टोपणनावाचं काय करायचं, शके की सन, हे सगळे प्रश्न त्यांच्याही समोर आले असणार. मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचं नाव बघा, आडनाव आधी, मग 'मो. श्री.' अशी आद्याक्षरं. म्हणजे मराठीला स्वतःची पद्धत नव्हती असं नाही. ती छापखान्यात, संपादकांच्या सवयीत होती. ती यंत्राला कळेल अशा भाषेत लिहायची राहिली, आणि मग पोरं इंग्रजी स्टाइल वापरून 'प. ल. देशपांडे' छापायला लागली. शोधगंगेवर जाऊन, म्हणजे गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र चालवतं त्या प्रबंधांच्या साइटवर, पाच मराठी प्रबंधांची शेवटची पानं उघडून बघा. कुठं 'पृ.', कुठं 'पृ. क्र.', कुठं 'पान नं.', आणि पुष्कळदा एकाच यादीत तिन्ही.

ताईच्या झेरॉक्सचं काय झालं ते राहिलंच. कोलन की स्वल्पविराम? एडिटरनं दोन्ही नमुने शेजारीशेजारी दाखवले आणि म्हटलं, 'हे दोन एकमेकांशी जुळत नाहीत, कोणता धरू?' तिनं स्क्रीनशॉट काढून मार्गदर्शक सरांना पाठवला. सर दोन दिवस गप्प होते, मग फोन आला : "कोलन ठेवा. आणि ती फाइल मलाही पाठवा, माझ्याकडं आणखी चार विद्यार्थी आहेत." प्रबंध मुदतीत सादर झाला. मौखिक परीक्षा अजून व्हायचीय.

एक काम आमच्याकडून अजून नीट झालेलं नाही. मराठी प्रबंधात सूचीचे विभाग असतात : आधारग्रंथ, संदर्भग्रंथ, नियतकालिकं, कोश, मुलाखती. स्टाइलच्या भाषेत एकच सलग यादी मिळते, ते विभाग सांगायची सोय नाही. सध्या ताईनं पाच याद्या वेगवेगळ्या काढून एकाखाली एक चिकटवल्या. चाललं, पण हे उत्तर मला मान्य नाही. त्यावर काम चालू आहे.

तर तुमच्याकडून एक पाहिजे. तुमच्या कॉलेजात, विभागात असं नमुन्याचं झेरॉक्स पान असेलच. त्याचा फोटो काढा आणि या भागाच्या खाली पाठवा. नाव, शिक्के झाकून पाठवलं तरी चालेल, आम्हाला फक्त स्वल्पविराम बघायचेत. दोन नमुने एकमेकांशी भांडत असतील तर ते आधी पाठवा.